जिलेबीच्या पाकातले लिंबू आणि फडातला शिळा ऊस



बेणे कोणते घ्यावे, खताचा हप्ता कधी टाकावा, खोडव्यातील पाचट का जाळू नये, याविषयी आम्ही आपणाशी नेहमीच बोलतो. परंतु साखर गोदामातून बाहेर पडल्यावर तिचे पुढे काय होते, आणि तिला कढईवर धरणारा माणूस तिच्याकडून काय मागतो, हे सांगण्याचा प्रसंग फारसा येत नाही. तो प्रसंग यंदा गळीत हंगामातच जमून आला. एका अमावास्येस गारगोटी गटातील ऊस पाहणी आटोपून आमच्या ऊस विकास विभागाची चार मंडळी आदमापूरला गेलो. संत बाळूमामांनी 1966 साली जेथे देह ठेवला ते हे ठिकाण आपल्या भुदरगड तालुक्यातलेच, मुदाळ तिट्ट्याजवळचे. अमावास्येला तेथे महाराष्ट्राबरोबर कर्नाटक आणि गोव्यातूनही माणूस लोटतो. आणि जेथे माणूस लोटतो तेथे गोडाची पेठ भरते.

आम्ही आधी विठोबा आणि मग पोटोबा असा क्रम लावला. दर्शन घेऊन बाहेर आलो आणि पालापालातून हिंडत प्रत्येक जिन्नस थोडा थोडा चाखला. चाखताना करणाऱ्याला चार प्रश्नही विचारले. आम्ही कारखान्याची माणसे आहोत हे कळल्यावर काहींनी हात राखून उत्तरे दिली, काहींनी साखरेच्या भावाचे गाऱ्हाणे मांडले. पण बहुतेकांनी आपले काम मोकळेपणाने उलगडून दाखवले.

पहिले पाल साखरफुटाण्यांचे. यात्रेतला हा सगळ्यांत साधा दिसणारा जिन्नस, पण करायला सगळ्यांत चिकाटीचा. भाजलेले फुटाणे मोठ्या कढईत घ्यायचे, खाली मंद आच ठेवायची, कढई सारखी हलवत राहायचे आणि पातळ पाक पळी-पळीने सोडायचा. एक पुट वाळून पांढरे झाल्याखेरीज दुसरी पळी सोडायची नाही. पाकातले पाणी उडते, साखर फुटाण्याच्या अंगावर धरते आणि पुटावर पुट चढत दाणा मोठा होतो. संक्रांतीचा हलवा करणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हे सांगायला नको. तिळावर काटा आणताना त्या हेच करतात.

आम्हाला तेथे आठवला तो कारखान्यातला पॅन. रस आटवून झालेला सिरप पॅनमध्ये घेतात, त्यात साखरेचे बारीक बी सोडतात आणि पुढे थोडा थोडा सिरप देत त्या बीजावर दाणा वाढवतात. फरक इतकाच की पॅनमध्ये हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे सिरप कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर करपत नाही. मावशींची कढई उघडी, म्हणून त्यांना हाताने सारखे हलवावे लागते. बाकी विद्या एकच. पॅनमनला भीती असते ती दाणे एकमेकांस चिकटण्याची. मावशींनाही तीच.

"पाक चांगला असला म्हंजे फुटाणा सुटा ऱ्हातोय," त्या म्हणाल्या. "चिकट पाक लागला की एकाला एक धरून गोळाच हुतोय बघा. मग त्यो कोण घेणार?"

ही चिकट पाकाची गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याशी काम आहे.

बत्ताशांच्या पालावर फार वेळ गेला नाही. तेथे पाक गोळीबंद करतात, त्यात खाण्याचा सोडा टाकून घोटतात आणि फुगलेला पाक थेंबाथेंबाने पसरून टाकतात. थंड झाला की बत्तासा. पेढ्यांच्या दुकानातही आम्ही रेंगाळलो नाही. पेढ्याचे सारे मर्म खव्यात असते आणि साखर तेथे पाहुणी म्हणून येते. नृसिंहवाडीचा पेढा असो की साताऱ्याचा कंदी, खवा नीट भाजला नसेल तर साखर काय करणार! (आमच्यातील एकाने तरीही चार पेढे खाऊन पाहिले, खात्री करण्यासाठी.)

खरे शिक्षण झाले ते जिलेबीच्या कढईपाशी.

जिलेबी हा शब्द आणि जिन्नस दोन्ही पश्चिमेकडून आले. अरबी-फारसी मुलखात 'झलाबिया', 'झुल्बिया' या नावांनी तसाच पदार्थ आजही होतो. उलट साखर आपल्या देशातून तिकडे गेली. संस्कृत 'शर्करा' फारसी-अरबीतून युरोपात पोहोचली आणि इंग्रजांची 'शुगर' झाली. 'खंड' शब्द तसाच जाऊन त्यांची 'कँडी' झाली. देवाणघेवाण बरोबरीची झाली म्हणायची.

जिलेबीवाल्या मामांनी आमच्या डोळ्यांदेखत नवा पाक चढवला. साखर आणि पाणी उकळल्यावर त्यात थोडे दूध सोडले. लगेच करडा फेस वर आला, तो त्यांनी झाऱ्याने काढून टाकला. याला ते मळी काढणे म्हणतात. दुधातील प्रथिने उकळत्या पाकात साकळतात आणि साखरेतला बारीक कचरा आपल्याबरोबर वर घेऊन येतात. गुऱ्हाळात भेंडीचा चिकट रस घालून काहिलीतली मळी काढतात ते याच तत्त्वावर, आणि कारखान्यात चुना व गंधकाचा धूर वापरून रस निवळतात तेही त्याच हेतूने. मामांना आम्ही विचारले, फेस किती आला यावरून साखर ओळखता का? ते म्हणाले, "वळखायचं काय त्यात? एका पोत्याला झारा दोनदा फिरवाय लागतोय, एकाला धा वेळा. धा वेळा फिरवाय लागलं की पुढच्या खेपंला त्या कारखान्याचं पोतं न्हाई आणायचं."

आपल्या मालाची अशी परीक्षा एका अमावास्येच्या बाजारात होते आणि तिचा निकाल आपल्या कानावर कधी येत नाही.

पाक एकतारी झाला. मामांनी बोटाच्या चिमटीत धरून तार पाहिली आणि अर्धे लिंबू पिळले. लिंबू कशाला, असे विचारता ते म्हणाले, "लिंबू न्हाई पिळलं तर सांच्यापातूर कढईच्या कडंला साखर धरती, आणि जिलेबीवर पांढरी खर येती. लिंबू पडलं की पाक पाकच ऱ्हातोय."

हे त्यांनी अनुभवाने सांगितले. त्यामागचे कारण आम्ही आपणास सांगतो, कारण सगळी मेख तेथेच आहे.

आपण जिला साखर म्हणतो तिचे शास्त्रीय नाव सुक्रोज. ही जोडसाखर आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या साखरा एकमेकींना बांधून ती झालेली असते. आंबट वस्तू आणि उष्णता मिळाली की ही गाठ सुटते, पाण्याचा एक रेणू आत शिरतो आणि दोन्ही साखरा अलग होतात. या फुटलेल्या साखरेला इन्व्हर्ट साखर म्हणतात. ती गोड असते; पण तिचा दाणा सहजी बनत नाही, आणि आसपासच्या सुक्रोजच्या दाण्यालाही ती अडथळा करते. शिवाय हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून चिकटते. जिलेबीवाल्याला हेच हवे असते. त्याला दाणा नको, पाक हवा. म्हणून तो लिंबू पिळून थोडी साखर मुद्दाम फोडतो.

आता ध्यानात घ्यावे की कारखान्याला याच्या अगदी उलट हवे असते. आपल्याला पाक नको, दाणा हवा. आणि तरीही जिलेबीवाला जे काम अर्ध्या लिंबाने करतो, ते काम आपल्या फडात लिंबाशिवाय रोज चाललेले असते.

ऊस उभा असतो तोवर तो जिवंत असतो आणि पक्व उसात साखर बऱ्यापैकी सुरक्षित असते. कोयता बसला की चित्र पालटते. उसाच्या पेशीत इन्व्हर्टेज नावाचे विकर असते, ते सुक्रोज फोडू लागते. कापलेल्या तोंडातून जंतू आत जातात. त्यांपैकी ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू साखर खाऊन डेक्स्ट्रान हा बुळबुळीत पदार्थ तयार करतो, रसात आम्लता वाढते, आणि आम्लता वाढली की फुटणे आणखी वाढते. डेक्स्ट्रानमुळे सिरप दाट होतो, पॅनला वेळ लागतो आणि साखरेचा दाणा चौकोनी न वाढता लांबट होतो. मावशींचा चिकट पाक तो हाच, फक्त हजारो टनांच्या मापाने. ऊन जितके कडक तितका हा सगळा वेग जास्त. म्हणून तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही कानीकपाळी ओरडून सांगतो. मार्चनंतर तर तेवढाही अवधी जास्तच म्हणायचा. जळालेल्या उसाचे संरक्षक कवच गेलेले असते, त्यामुळे तो याहून लवकर बिघडतो. हार्वेस्टरने तोडलेल्या प्रत्येक कांडीला दोन उघडी तोंडे असतात, म्हणून तिलाही थांबायला वेळ नाही.

यात एक गंमत आहे आणि ती कडू आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने 342 किलो सुक्रोज फुटले की 360 किलो इन्व्हर्ट साखर होते, कारण पाणी आत जाते. म्हणजे कागदावर वजन वाढले! पण त्यातून पोत्यात एक दाणा पडत नाही. ती सगळी मळीत जाते.

काही सभासद म्हणतील, मळीत गेली म्हणून काय झाले, मळीचे इथेनॉल होतेच की. होते. परंतु जी साखर दाणा होऊन पोत्यात पडली असती ती फडात फुटून मळीत गेली, तर मिळणारे मोल साखरेच्या जवळपासही येत नाही. आणि जी जंतूंनी खाल्ली ती तर ना साखरेत ना मळीत. शिवाय आपल्या उसाचा दर साखर उताऱ्यावर बांधलेला आहे हे विसरून चालत नाही. केंद्र शासनाने 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला, आणि त्यापुढील प्रत्येक 0.1 टक्का उताऱ्यास 3.46 रुपये जादा. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. 50 टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे 0.1 टक्क्याला 1,730 रुपये होतात. 5 लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचा हिशेब धरला तर 0.1 टक्का म्हणजे 5,000 क्विंटल साखर आणि सभासदांच्या पदरात 1 कोटी 73 लाख रुपये. कोल्हापूर विभागाचा उतारा राज्यात वरचा राहत आला आहे. तो टिकवणे म्हणजे असे दशांश टिकवणे. आणि उतारा सगळ्यांचा मिळून एकच निघतो. एकाने तीन दिवसांचा शिळा ऊस घातला तर त्याचा फटका ताजा ऊस घालणाऱ्या शेजाऱ्यालाही बसतो. हे आम्हास न्याय्य वाटत नाही, पण व्यवस्था तशी आहे.

साखरेच्या बाबतीत हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण कारखाना दाणा आणि मळी वेगळी करतो. पोत्यातली साखर पांढरीच असते, फक्त पोती कमी भरतात. गुळाचे तसे नाही. काहिलीत जे आले ते सगळे ढेपेत जाते. लपवायला जागा नाही.

हे आम्हास खाजाच्या पालावर पुन्हा पटले. घाटाखालच्या मालवणी मुलखातला हा जिन्नस आपल्या भागातल्या यात्रांतही येतो. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या कांड्या आल्याच्या आणि गुळाच्या पाकात घोळवलेल्या. त्या दिवशीचा आमचा सर्वांत आवडता जिन्नस हाच, हे कारखान्याच्या पत्रिकेत लिहिताना थोडे अवघड वाटते, पण खरे ते लिहावे. खाजेवाल्याने दोन प्रकारचे गूळ दाखवले. एक पिवळसर, कणीदार, फोडला की खट् आवाज करणारा. दुसरा काळपट, बोटाला चिकटणारा. तो म्हणाला, दुसऱ्या गुळाचा खाजा सकाळी बरा दिसतो, दुपारी पाझरतो आणि संध्याकाळी कागद सोडत नाही. हा पाझर इन्व्हर्ट साखरेचा. चांगल्या गुळात सुक्रोज 80 टक्क्यांच्या वर असते; ते कमी होऊन इन्व्हर्ट वाढली की ढेप पावसाळ्यात पाणी सुटून बसते. गूळ 118 अंश सेल्सिअसला उतरवतात आणि काकवी 105-106 अंशाला, पण मुळात ऊसच शिळा किंवा कोवळा असेल तर आच कितीही सांभाळली तरी गुळव्या काय करील?

कोल्हापूरच्या गुळाला आज जे नाव आहे ते काही एका दिवसात झाले नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून गुळाचा व्यापार येथे वाढला, आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरातील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात कोणत्या जातीचा गूळ चांगला होतो यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे. को 92005 ही जात गुळासाठी नावाजली ती तेथूनच. (मधुमेही सभासदांनी मात्र 'गूळ चालतो' या समजुतीवर राहू नये. गूळही रक्तात साखर वाढवतोच.)

शिळेपणाखेरीज आणखी काही गोष्टींनी फुटकी साखर कारखान्यात येते. उसाचा शेंडा कोवळा असतो; त्यात सुक्रोज कमी आणि साध्या साखरा जास्त. वाड्याबरोबर वरच्या दोन-तीन कोवळ्या कांड्या मोळीत ठेवल्या तर वजन भरते खरे, पण ती जिलेबीवाल्याची साखर. तोडणीच्या तोंडावर युरियाचा जादा हात मारलेल्या उसाचीही तीच गत. ऊस हिरवागार दिसतो आणि रस पातळ निघतो. तुरा आलेला ऊस फार दिवस उभा ठेवला तर आत दशी पडते, पांगशा फुटतात आणि साठवलेली साखर त्या फुटीलाच खर्ची पडते. उलट फुले 265 सारखी पक्वतेस वेळ घेणारी जात पाळी लवकर मिळाली म्हणून घाईने तोडली तर वजनाचा आनंद होतो, पण उतारा पडतो. लवकर पक्व होणारी कोसी 671 हंगामाच्या आरंभी, को 86032 पक्वता पाहून, आणि 265 मागाहून, अशी पाळी लावण्यामागे हेच कारण असते. पाळीपत्रकात आपले नाव खाली का, म्हणून गट कार्यालयात भांडायला येणाऱ्या सभासदांनी हे कृपया समजून घ्यावे.

आता आपल्या गारगोटी भागाची खरी अडचण बोलू. वेदगंगेच्या काठचे आणि डोंगरकडेचे आपले तुकडे लहान आहेत. दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यात टोळी सकाळी शिरते, दुपारी तोड संपते आणि ट्रॉली मात्र अर्धीच भरते. मग तो ऊस बांधावर पडतो, दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा तोडून ट्रॉली भरते, तिसऱ्या दिवशी ती रांगेत लागते. सभासद टोळीला दोष देतो, मुकादम वाहनवाल्याला, वाहनवाला काट्यावरच्या रांगेला. रांगेचा प्रश्न खोटा नाही, आणि तो सोडवणे सभासदाच्या हातचे नाही, कारखान्याकडचे आहे. पण पहिल्या दिवसाचा खोळंबा शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या समजुतीने मोडता येतो. लागून असलेल्या दोन-तीन तुकड्यांची लागण एकाच आठवड्यात, एकाच जातीची केली आणि नोंदही तशीच एकत्र दिली, तर तोड एकाच दिवशी लावता येते आणि ट्रॉली त्याच संध्याकाळी हलते. बांधाच्या भांडणामुळे हे होत नाही अशी उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. भाऊबंदकी आम्ही मिटवू शकत नाही, पण त्या बांधावर दोन दिवस वाळणाऱ्या उसात दोन्ही भावांची साखर फुटत असते, एवढे सांगू शकतो.

वाहनाची खात्री झाल्याशिवाय टोळीला कोयता लावू देऊ नये. टोळी अडून बसली तर चिटबॉयला कळवावे. तोडलेला ऊस थांबवावाच लागला तर मोळ्या सावलीत रचून वर पाचट पसरावे; त्याने उन्हाचा मारा कमी होतो, फुटणे थांबत नाही. पाणी मारून वजन टिकवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

तोडणीपूर्वी आपला ऊस पक्व झाला की नाही हे पाहण्यास हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. बुडख्याकडच्या आणि शेंड्याकडच्या रसाचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस तोडीस आला असे धरतात. शेंड्याचा बराच कमी असेल तर थांबावे. ही तपासणी आमचे कर्मचारी शेतावर येऊन करतात. ज्यांना हवी असेल त्यांनी गारगोटी गट कार्यालयात लागणीची तारीख, जात आणि गट नंबर सांगून नोंद करावी. लागून असलेल्या तुकड्यांची एकत्र नोंद करू इच्छिणाऱ्या सभासदांनी सर्वांच्या सह्यांचा एकच अर्ज द्यावा, म्हणजे पाळी लावताना तो एक प्लॉट धरता येईल.